नृत्यपट आणि बापाचा प्रश्न

चित्रपटावर गंभीरपणे लिहावयाचे म्हटले की आपल्याकडील सुशिक्षित वाचक अजूनही किंचित भुवया चढवितो. नाटकाची चर्चा त्यास चालते, कादंबरीची तर हवीच असते. चित्रपट मात्र पाहावयाचा आणि विसरावयाचा, असा त्याचा समज आहे. आम्हीही पुष्कळ वर्षे याच समजुतीत होतो. तीतून आम्हांस बाहेर काढण्याचे श्रेय आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील एका शेतकऱ्याकडे जाते.

हकीगत थोडक्यात अशी. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीने नृत्य केले. मुलगी घाटाखालच्या खेड्यातली. कपाशी आणि सोयाबीन यांवर चालणारे घर. गुरू म्हणून तिला कोणी नव्हता. मोबाइलच्या वीतभर पडद्यावर पाहून आणि घराच्या धाब्यावर एकटीने सराव करून जे साधले ते तिने आम्हांपुढे मांडले. नृत्यशास्त्र आम्हांस कळत नाही. परंतु मागच्या बाकांवरची आरडाओरड मध्येच थांबली आणि अखेरपर्यंत थांबलेली राहिली, एवढे आम्ही पाहिले. व्यासपीठावरून आम्ही तिचे मनापासून कौतुक केले. चार दिवसांनी तिचे वडील आमच्या खोलीत आले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. "सर," ते म्हणाले, "पोरगी चांगली नाचते म्हणता, ते मले बी दिसते. पण मंग पुढं काय? तेवढं सांगा, म्हंजे मी तिले सांगतो."

शेक्सपियर शिकविण्यात उभी हयात घालविलेल्या आम्हांस त्या साध्या प्रश्नाचे उत्तर सुचले नाही. "आधी पदवी पुरी होऊ द्या, मग पाहू," असे आम्ही म्हणालो. ते समाधानाने गेले. पुढील वर्षीच्या संमेलनात त्या मुलीचे नाव यादीत नव्हते.

नृत्याचा हा नाद आपल्याला चित्रपटांनी लावला, असे ती मैत्रिणींत सांगत असे. तेव्हा तरुण नर्तकांच्या आकांक्षेवर रचलेले चित्रपट आम्ही मिळतील तसे पाहू लागलो, आणि प्रत्येकास त्या बापाचाच प्रश्न विचारू लागलो. त्या प्रश्नात पोटाची काळजी तर आहेच. शिवाय अब्रू आहे, आणि शिकण्यात जाणाऱ्या वर्षांचा हिशेबही आहे. या सर्वांसह तो प्रश्न जो चित्रपट ऐकून घेतो तो आमच्या मते मोठा. टाळ्यांच्या गजरात जो तो बुडवून टाकतो तो, कितीही डोळे दिपविणारा असला, तरी उणाच.

आरंभ घरापासून करू. मराठी चित्रपटास नर्तकीचे वावडे कधीच नव्हते. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला. व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' (१९७२) आम्ही लहानपणी जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून पाहिला. त्यातील घुंगरांचा नाद अजून कानांत आहे. परंतु या तमाशापटांतील नर्तकीस नाचावेसे का वाटते, हे कोणी विचारीत नाही. ती जन्माने किंवा दैवगतीने फडात आलेली असते. नाचणे हे तिचे प्राक्तन. आकांक्षा म्हणावी अशी वस्तू तिच्या वाट्यास येतच नाही. 'पिंजरा'ची कथा तर मुळी जर्मन 'ब्लू एंजल' (१९३०) या चित्रपटावरून आलेली, आणि दोन्हीकडे कथा मास्तराच्या अधःपाताची. श्रीराम लागू यांच्या मास्तराचे पुढे काय, ही चिंता आपण तीन तास वाहतो. संध्याबाईंच्या चंद्रकलेचे पुढे काय, हे मनात येत नाही. आमच्या विद्यार्थिनीच्या वडिलांच्या मनात नृत्य म्हटले की जे चित्र उभे राहिले असेल, ते पुष्कळसे अशाच चित्रपटांनी रंगविलेले होते. तेव्हा त्यांच्या भीतीस आडमुठेपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

शांतारामबापूंनीच त्यापूर्वी १९५५ साली 'झनक झनक पायल बाजे' काढला होता. येथे नृत्य फडातून उचलून गुरुगृही नेले आहे. गोपीकृष्ण यांचा गिरधर, त्याचे पिता आणि गुरू मंगल महाराज, आणि संध्याबाईंची नीला, अशी ही तिघांची कथा. आपल्या केशवराव दात्यांनी मंगल महाराज असे उभे केले आहेत की शिकण्यास लागणारी कठोरता प्रेक्षकास अंगावर आल्यासारखी वाटावी. साधनेपुढे सारे तुच्छ, हे या गुरूचे सांगणे. आणि गोपीकृष्णांचे पाय पाहताना ते पटते, कारण असे पाय एका पावसाळ्यात तयार होत नाहीत. येथवर चित्रपट आपल्या कसोटीस उतरतो. घात होतो तो नीलेच्या बाबतीत. श्रीमंतीत वाढलेली ही मुलगी आपल्या नृत्याचा पोकळपणा ओळखून नम्रपणे शिकावयास येते. ही खरी आकांक्षा होय. परंतु पुढे तिचे शिकणे बाजूस राहते आणि गिरधराची स्पर्धा हेच कथेचे साध्य बनते. त्याची साधना भंगू नये म्हणून ती त्याला दूर लोटते, जोगीण होते, आणि ऐन स्पर्धेच्या वेळी त्याच्या साहाय्यास येते. किताब गिरधरास मिळतो. नीलेस गिरधर मिळतो. ती नर्तकी म्हणून काय झाली, हे विचारण्याचे भान रंगांच्या त्या आतषबाजीत राहत नाही.

त्याच्याही आधी, १९४८ साली, उदयशंकर यांनी 'कल्पना' नावाचा आपला एकमेव चित्रपट दिग्दर्शित केला. तिकिटांच्या दृष्टीने तो पडला. तथापि त्यावर थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. आपल्या बापाचा प्रश्न एका नर्तकाने स्वतःच स्वतःस विचारलेला येथे दिसतो. नायक उदयन याला केवळ नाचावयाचे नाही. हिमालयाच्या कुशीत त्याला कलाकेंद्र काढावयाचे आहे, जेथे नृत्य शिकता यावे आणि शिकलेल्यास उभे राहता यावे. त्यासाठी लागणारा पैसा, देणगीदारांची मर्जी, अंतर्गत हेवेदावे, सारे काही त्यात येते. उदयशंकरांनी अल्मोड्यास असे केंद्र खरोखरीच काढले होते, आणि काही वर्षांतच ते बंद पडले होते. चित्रपटातील ही सारी कथा एक लेखक चित्रनिर्मात्यास सांगत असतो, आणि अखेरीस निर्माता ती नाकारतो. स्वतःच्या चित्रपटात स्वतःच्या कथेचा नकार दाखविण्यास धैर्य लागते. रचना विस्कळीत आहे, संवादांत उपदेश फार आहे, हे दोष आम्ही नाकारीत नाही. परंतु कलावंतास प्रेक्षागृहाबरोबर शाळाही लागते, हे एवढ्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा भारतीय चित्रपट आम्हांस आठवत नाही. २०१२ साली त्याची दुरुस्त केलेली प्रत कान येथील महोत्सवात दाखविण्यात आली.

अलीकडील हिंदी नृत्यपटांनी शाळेच्या जागी स्पर्धा आणली आहे. रेमो डिसूझा यांचा 'एबीसीडी २' (२०१५) हा वसई-नालासोपाऱ्याकडील तरुणांच्या खऱ्या मंडळावरून रचलेला. त्याच्या आरंभी एक फार चांगला प्रश्न येतो. या मुलांवर दुसऱ्याचे नृत्य चोरल्याचा आरोप होतो. पडद्यावर पाहून शिकलेल्या मुलाचे स्वतःचे असे काय, हा तो प्रश्न. आमच्या धाब्यावर सराव करणाऱ्या मुलीसही तो लागू आहे. पण चित्रपटास धीर नाही. चोरी आणि शिकणे यांतील अंतर उलगडण्याऐवजी तो थेट लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेकडे धाव घेतो. स्पर्धेनंतर उजाडणारी सकाळ या जातीच्या चित्रपटांत उजाडतच नाही.

सूनी तारापोरवाला यांचा 'ये बॅले' (२०२०) याहून पुष्कळ प्रामाणिक आहे. मुंबईच्या गरीब वस्तीतील दोन मुले, त्यांस लाभलेला एक तऱ्हेवाईक परदेशी शिक्षक, आणि बॅलेसारखी परकी कला. दोन खऱ्या मुलांच्या आयुष्यावर ही कथा बेतली असून त्यांपैकी मनीष चौहान यांनी आपल्यावरची भूमिका स्वतःच केली आहे. म्हणून देह शिकताना कसा दुखतो, हे येथे खरे वाटते. टॅक्सी चालविणारा बापही येथे खलपुरुष होत नाही. पोराने शिकावे, मिळवावे, एवढीच त्याची इच्छा. तरी पुढे काय, याचे उत्तर मिळते ते परदेशातील शिष्यवृत्तीचे. लाखांत दोघांस असे उत्तर मिळते. मलकापूरच्या फलाटावर मुंबईच्या गाडीची वाट पाहणाऱ्या उरलेल्यांसाठी चित्रपटाजवळ काही नाही.

आमच्या कसोटीस जो परदेशी चित्रपट पुरेपूर उतरला तो स्टीफन डाल्ड्री यांचा 'बिली एलियट' (२०००). इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातील कोळशाच्या खाणी, १९८४-८५ चा प्रदीर्घ संप, आणि त्या संपात असलेल्या खाणकामगाराचा अकरा वर्षांचा मुलगा. त्याला मुष्टियुद्ध शिकावयास पाठवितात आणि तो शेजारच्या बॅलेच्या वर्गात जाऊन उभा राहतो. बापाचा संताप, अब्रूची भीती, सारे आमच्या जिल्ह्यातल्यासारखेच. परंतु मुलाचे नृत्य एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर हा बाप पहिली गोष्ट करतो ती खर्च विचारण्याची. मृत पत्नीचे दागिने तो गहाण टाकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, पैशासाठी तो संप मोडून खाणीवर निघतो; ज्यांना काल फितूर म्हणून शिव्या दिल्या त्यांच्याच गाडीत जाऊन बसतो. मोठा मुलगा त्यास अडवितो आणि बाप रस्त्यावर रडतो. एका मुलाच्या नाचण्याची किंमत दुसऱ्या कोणाच्या मानातून वसूल होते, हे या प्रसंगाइतके स्वच्छ आम्ही कोठे पाहिले नाही. पुढे मुलास लंडनच्या शाळेत प्रवेश मिळाल्याची वार्ता घेऊन बाप सोबत्यांकडे धावत जातो, तो तेथे संप हरल्याची वार्ता त्याची वाट पाहत असते. दिग्दर्शक दोन्ही वार्ता शेजारी ठेवतो आणि भाष्य करीत नाही.

याच्या शेजारी बसविण्याजोगा मराठी चित्रपट आमच्यापाशी एक आहे : रवी जाधव यांचा 'नटरंग' (२०१०), आनंद यादव यांच्या कादंबरीवरून केलेला. गुणा कागलकर हा पहिलवानी देहाचा मजूर. पाणी उपसण्याचे यंत्र येते आणि त्याचे काम जाते. तेव्हा तो तमाशाचा फड काढतो. राजा व्हावयाचे त्याचे स्वप्न, पण फडास नाच्या हवा आणि तो कोणी मिळत नाही, म्हणून तोच नाच्या होतो. अतुल कुलकर्णी यांनी तो पीळदार देह उतरवून त्यातून लवचिक चाल काढली आहे; एका माणसाचे शिकणे एवढ्या जवळून मराठी पडद्याने क्वचितच दाखविले असेल. त्याची किंमत गुणा घरात भरतो, गावात भरतो, आणि देहावर झालेल्या अत्याचाराने भरतो. मात्र अखेरीस सन्मानाचा झगमगाट आणून चित्रपट आपणांस सुटका देतो. ती सुटका आम्हांस थोडी स्वस्त वाटली.

येथे कोणी म्हणेल, चित्रपट म्हणजे काय व्यवसायाचा सल्ला देणारी कचेरी आहे? बापाच्या प्रश्नास उत्तर देणे हे कलेचे काम कसे? आक्षेप योग्य आहे. उत्तराची आमची मागणीही नाही. 'बिली एलियट' तरी खाणकामगारांस कोणते उत्तर देतो? तो प्रश्न विचारणाऱ्यास पूर्ण माणूस मानतो, एवढेच. आपल्या पटकथांत बाप हा दोन गाण्यांमधला अडथळा असतो. शेवटच्या नृत्याच्या वेळी प्रेक्षागृहाच्या दाराशी उभा राहून डोळे पुसण्यापुरता तो परत येतो. त्याच्या हातातील हिशेबाची वही कोणी उघडून पाहत नाही.

वास्तविक विषयांची वाण नाही. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात 'नृत्यभारती' काढली तेव्हा मध्यमवर्गीय घरातील पदवीधर मुलीने कथ्थकला आयुष्य वाहावे, ही गोष्ट किती घरांत सहज पटली असेल? लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्यासारख्या गुरूंपाशी त्या शिकल्या, आणि २००८ साली निधन होईपर्यंत पिढ्यांमागून पिढ्यांस शिकवीत राहिल्या. त्यांच्या जीवनात ना स्पर्धा आहे ना किताबासाठी धावाधाव. रोजचा रियाज आणि रोजचा वर्ग आहे. हे पडद्यावर रंगणार नाही असे निर्माते म्हणतील. 'कल्पना'तला निर्माताही तेच म्हणाला होता.

आता आमच्या स्वतःच्या उत्तराविषयी. "आधी पदवी" असे आम्ही त्या गृहस्थांस सांगितले. पुण्याच्या विद्यापीठात ललित कला केंद्र आहे आणि तेथे नृत्याचीच पदवी मिळते, ही गोष्ट त्या वेळी आमच्या ध्यानी नव्हती. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत वर्षानुवर्षे देता येतात, आणि त्यावर शिकविण्याचे काम करून कित्येक जण संसार चालवितात, हेही आम्ही पुढे चौकशी केली तेव्हा कळले. वर्षांचा आणि पैशांचा हा हिशेब मांडून आम्ही त्यांच्यापुढे ठेवला असता, तर त्यांनी कदाचित नकारच दिला असता. पण तो नकार त्यांचा झाला असता. झाला तो आमच्या अज्ञानाचा, आणि भोगला त्या मुलीने.

या जिल्ह्यातील एखाद्या तरुण दिग्दर्शकाने धाब्यावरचा तो सराव पडद्यावर आणावा, ही आमची इच्छा आहे. त्यात बापास बसावयास खुर्ची द्यावी आणि त्याचे बोलणे पुरते होऊ द्यावे. समोर बसलेला प्राध्यापक हवा तेवढा हास्यास्पद रंगविला तरी आमची तक्रार नाही.