लेखनक्रियेचे श्रम आणि कलावंताचा हक्क : शिवथरच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

वरंध घाटाच्या पायथ्याजवळ, महाड तालुक्यातील शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ही घळ प्रकाशात आणली. घळीतील मूर्तींतही सांगणारे समर्थ आणि लिहिणारे कल्याण समोरासमोर आहेत. निर्मिती करणाऱ्याबरोबर ती आकाराला आणणाऱ्या हाताचेही नाव येथे टिकून राहिले. निर्मितीक्षम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात कलावंताच्या श्रमाचा प्रश्न नेमका या नावापाशी येऊन थांबतो.

दासबोधातील श्रमविचार

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ हा आहे. अक्षराचे वळण, दोन ओळींमधील अंतर, बोरूची निवड, शाईचा काळेपणा, कागदाच्या कडा झिजल्या तरी मजकूर वाचावा म्हणून सोडावयाचा समास, इतक्या बारकाव्यांनी तेथे लेखनाचा विचार येतो. ग्रंथाच्या आरंभी असलेले वळण शेवटपर्यंत टिकले पाहिजे, हा आग्रह म्हणजे दीर्घ सरावातून आलेल्या कौशल्याचीच मागणी होय. अध्यात्मपर ग्रंथात हस्तश्रमाला मिळालेले हे स्थान लक्षणीय आहे.

तथापि या विचाराच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. हा उपदेश आरंभीच ब्राह्मणाला उद्देशून केलेला आहे आणि त्यातील श्रम सेवाभावाचे आहेत; त्यात मोबदल्याचा विचार नाही. लेखनापासून दूर ठेवल्या गेलेल्या स्त्रियांनी जात्यावर रचलेल्या ओव्यांना तर दीर्घकाळ ‘लोकगीत’ म्हणून निनावीच मानले गेले. हेमा राईरकर व गी पॉइटवॅं यांच्या पुढाकाराने झालेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या व त्यांबरोबर गाणाऱ्या स्त्रियांची आणि गावांची नावेही जपली गेली. लोककलेत कर्त्याचे नाव नोंदविणे अशक्य असते, हा समज या कार्याने खोटा ठरविला.

कायद्याचे संरक्षण : कीर्तीला की श्रमाला?

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा असला तरी गायक-नटादी प्रयोगकर्त्यांचा स्वतंत्र हक्क त्यात १९९४ च्या दुरुस्तीने आला. २०१२ च्या दुरुस्तीने तो अधिक विस्तृत झाला. प्रयोगाचे ध्वनिमुद्रण व त्याची इलेक्ट्रॉनिक साठवण यांवर प्रयोगकर्त्याचा अधिकार मान्य झाला आणि नामनिर्देशाचा नैतिक हक्कही मिळाला. हे संरक्षण प्रत्यक्ष प्रयोगाला आहे. यंत्राने आवाजाचा गुण उचलून नवे गाणे तयार केले, तर ‘प्रयोग’ कोणता, हा प्रश्न उरतो.

म्हणून न्यायालयांनी व्यक्तिमत्त्व-हक्काचा आधार घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंह यांच्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या दाव्यात आवाजाच्या यांत्रिक नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. हे आदेश स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांचा पाया कलावंताची प्रसिद्धी हा आहे. डबिंग कलाकार, जाहिरातीतील निवेदक, मुखपृष्ठकार किंवा गावोगावी फिरणारा शाहीर यांचे श्रम तितकेच खरे असूनही त्यांच्याजवळ प्रसिद्धीचे हे भांडवल नसते.

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाने प्रसिद्ध केलेल्या कार्यपत्रात निराळी वाट सुचविली आहे. कायदेशीर मार्गाने उपलब्ध झालेले साहित्य यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याचा सक्तीचा परवाना व त्याबदल्यात स्वामित्वधन, असे तिचे स्वरूप आहे. मोबदल्याचे तत्त्व यात आले, ही जमेची बाजू होय. मात्र नकार देण्याचा अधिकार कर्त्याकडे उरत नाही. शिवाय वाटपासाठी आधी नोंद हवी. ज्याची कोठेच नोंद नाही, त्याचा वाटा त्याच्यापर्यंत पोहोचणार कसा? अमेरिकेत २०२३ मध्ये पटकथालेखक व अभिनेते यांनी संपाच्या बळावर यंत्राच्या वापरासंबंधी अटी करारात घालून घेतल्या. असंघटित मराठी कलावंताजवळ ते सामर्थ्य नाही.

समारोप

संमती, नामनिर्देश व मोबदला या तिन्ही गोष्टी एकत्र असल्याशिवाय कलावंताचा श्रमहक्क पूर्ण होत नाही. शिवथरच्या परंपरेने लिहिणाऱ्याचे नाव राखले, पण श्रमाचे मोल सेवेत विरघळले. नव्या कार्यपत्राने मोल देऊ केले, पण संमती वगळली. न्यायालयीन आदेशांनी संमतीचे महत्त्व जाणले, पण ते प्रसिद्ध आवाजापुरते. त्यामुळे प्रशिक्षणात वापरलेल्या साहित्याची कर्त्याच्या नावासह नोंद ठेवण्याचे बंधन यंत्रनिर्मात्यांवर घालणे ही पहिली पायरी ठरावी. नाव नोंदले गेले, तरच संमती कोणाची घ्यावयाची आणि मोबदला कोणाला द्यावयाचा, हे ठरू शकेल.