‘दत्तक’ गाव आणि सेवाभावी संस्था

लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) या जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनात सेवाभावी संस्थांचा वाटा किती, याचे उत्तर बहुधा त्यांनी बांधलेल्या घरांच्या संख्येत दिले जाते. हे माप मुळातच अपुरे आहे. एखाद्या संस्थेने गाव उभारण्याचे अंगावर घेतले, की तिने ते ‘दत्तक’ घेतले असे म्हणत. शब्द सहज रूढ झाला खरा, परंतु तो निरुपद्रवी नव्हे. दत्तक जाणाऱ्या बालकाची संमती कोण विचारतो?

५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे शासनाने ठरविली. म्हणजे जुन्या गावातील उच्चनीचता नव्या आराखड्यात क्षेत्रफळाच्या रूपाने उतरली. शासनाने आखावे, संस्थेने बांधावे, अशा या व्यवस्थेत गावकऱ्याच्या वाट्यास पुष्कळदा उरले ते घराचा ताबा घेणे. अर्थात दगडमातीच्या भिंती व जड माळवद यांखालीच माणसे गाडली गेली होती. जुन्या बांधणीची धास्ती गावकऱ्यांनीच घेतली होती, हे विसरून केलेली टीका अन्यायाची ठरेल.

जेथे घरे उभी, पण खिळखिळी झाली होती, तेथे मात्र घरमालकाने शासकीय साह्यातून स्वतःच दुरुस्ती व मजबुती करावयाची होती. या कार्यक्रमात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. आपला हक्क कोणता, भूकंपरोधक बांधणी कशी करावयाची, हे त्या घरोघर सांगत. गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवीत आणि लोकांच्या अडचणी अभियंत्यापर्यंत नेत. २००१ च्या भूकंपानंतर या भागातील स्त्रिया आपला अनुभव घेऊन गुजरातेत गेल्या. घरांच्या गणतीत या कामाला रकानाच नाही.

तथापि या पद्धतीचाही गौरव सरसकट करता येत नाही. संवाद सहायकाचे बळ शासनाच्या कार्यक्रमातून आलेले होते. कार्यक्रम संपल्यावर कचेरीत तिचे कोण ऐकणार? संस्था पुढे बचत गटांकडे वळली ती याच अडचणीचे उत्तर शोधीत, असे आम्हांस वाटते.

दोन्ही प्रकारच्या कामांची तुलना करू पाहणाऱ्या अभ्यासकाने घरांची मोजदाद बाजूस ठेवून दत्तक गावांत जावे, आणि ताबा मिळाल्यानंतर लोकांनी घरास स्वतः काय जोडले, पडवी, चुलीची जागा, गुरांचा गोठा, याची नोंद प्रथम करावी.