कोंडाणें येथील लेखांतील ‘कतं’ पद

कर्जत तालुक्यांत राजमाचीच्या पायथ्याशीं कोंडाणें येथें जीं बौद्ध लेणीं आहेत, त्यांतील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर डाव्या अंगास एका भग्न मूर्तीचें मस्तक उरलें आहे. त्याजवळ ब्राह्मी लिपींत एकच ओळ आहे: ‘कन्हस अंतेवासिना बलकेन कतं’. बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८१ त ‘कन्हाचा शिष्य बलक यानें केलें’ असा अर्थ दिला, तो आम्हांस मान्य आहे. परंतु कर्जत-खालापुराकडील संग्राहकांच्या बैठकींत ‘हा कन्ह म्हणजे सातवाहन राजा कृष्ण’ असें आम्हीं एकाहून अधिक वेळां ऐकिलें, आणि त्यावरून लेण्याचा काळही ठरविला जातो. तें आम्हांस मुळींच पटत नाहीं.

नाशिकच्या लेखांत कन्हास राजा म्हटलें आहे, त्याचें कुल सांगितलें आहे, आणि लेणें करविणाऱ्या महामात्राच्या कृतीस ‘कारित’ हें णिजन्त रूप योजिलें आहे. द्रव्य वेंचणारा करवितो, टांकी चालविणारा करितो. कार्ल्यास दर्शनी मुख करणारा सामि सुतार आणि सांचीस रूपकर्म करणारे विदिशेचे हस्तिदंती कारागीर यांचें क्रियापद ‘कत’ हेंच आहे. केवळ एवढ्यावरून निर्णय करूं नये हें खरें; पण ‘अंतेवासी’ शब्द बलकाच्या बाजूनें साक्ष देतो. तो भिक्षूसच लागतो असें नाहीं. याज्ञवल्क्य व नारद या स्मृतींत गुरुगृहीं राहून शिल्प शिकणारा तो अंतेवासी.

मथुरेजवळील परखमच्या यक्षमूर्तीवरील ‘कुणिक’ हें नांव पाहून काशीप्रसाद जायसवालांसारख्या विद्वानानें ती मूर्ति मगधराज अजातशत्रूची ठरविली. पुढील वाचनानें ‘कुणिकाचा अंतेवासी गोमितक यानें केली’ इतकेंच उरलें. राजा गेला, उस्ताद राहिला. फ्रान्सांतील प्राचीन केल्टिक भाषी कुंभार साच्यावर आपलें नांव व पुढें ‘अवोत’, म्हणजे ‘केलें’, एवढेंच लिहीत. त्यांतील सॅक्रिलोस कोणत्या देशचा राजा होता, असें तिकडे कोणी विचारीत नाहीं!

एक शंका मात्र विचारणीय आहे. परखम येथें, तसेंच पितळखोऱ्याच्या यक्षाच्या हातावर कन्हदास सोनारानें कोरलेल्या लेखांत, ‘कता’ असें आहे, कोंडाण्यास ‘कतं’. तेव्हां बलकानें मूर्ति नव्हे, सबंध लेणेंच केलें, असें नपुंसकलिंगावरून कोणी म्हणेल. पण सांचीच्या लेखांत ‘रूपकर्म’ नपुंसकच आहे. मूर्तीशेजारच्या लेखांत ‘रूप’ हें पद अध्याहृत धरण्यास व्याकरणाची कांहींच हरकत नाहीं.