जाकीट उतरल्यावर उरलेले डाव

श्वाय-ज्याओ या चिनी कुस्तीची सगळी मदार जाकिटावर आहे. सुती कापडाचे थर एकत्र शिवून केलेले, आखूड बाह्यांचे हे जाकीट दोघांची ओढाताण सोसते. पकड घ्यायची ती बाहीला, कॉलरला किंवा कमरेच्या पट्ट्याला. पावले सोडून अंगाचा कुठलाही भाग, गुडघा असो की तळहात, जमिनीला लागला की पैलवान पडला असे धरतात. आपल्या कुस्तीसारखी पाठ टेकवावी लागत नाही. त्यामुळे समोरच्याला टाकताना स्वतः पायांवर उभे राहण्याची सवय हाडीमासी खिळते. बीजिंग, तियानजिन आणि बाओदिंग या तिन्ही घराण्यांत ती सारखीच दिसते.

एमएमएच्या, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सच्या, पिंजऱ्यात मात्र अंग उघडे असते, घामाने निसरडे झालेले असते. बोटे मोकळी ठेवणारे हातमोजे, भोवती जाळी, आणि खाली पडल्यावरही लढत चालूच. जाकीट नसेल तर श्वाय-ज्याओचे काय उरते, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. पुष्कळ उरते, पण ते तालमीतून थेट आलेले नाही, सांदाच्या वाटेने आले आहे.

सांदा हा चीनने 1979 पासून प्रयोग करत घडवलेला आधुनिक खेळ. त्यात ठोसे आणि लाथा आहेत, शिवाय श्वाय-ज्याओतून घेतलेली फेकही आहे. मिठी पडली की पंच काही क्षणांत सोडवतो, म्हणून डाव झटक्यात मारावा लागतो. समोरचा पडला आणि आपण उभे राहिलो तर दोन गुण. या नियमाने जुन्या कुस्तीतला सर्वांत चपळ भाग निवडून काढला: लाथ पकडून पाडणे. समोरच्याची उजवी लाथ बरगडीवर आली की डाव्या हाताने ती नडगी काखेत आवळायची, अर्धे पाऊल आत सरकायचे, उजव्या हाताने मान रेटायची आणि त्याच क्षणी आपल्या उजव्या पायाने त्याचा जमिनीवरचा पाय घोट्यापाशी झाडायचा. लाथ मारणारा एका पायावर असतो, त्यामुळे ताकद बेताची पुरते. खरी कसोटी वेळ साधण्याची असते. कापड धरण्याचा तर प्रश्नच येत नाही.

या डावांचा अमेरिकेतला मोठा प्रचारक म्हणजे व्हिएतनामी वंशाचा कंग ली. कॉलेजात कुस्ती खेळून सांदाकडे वळलेल्या या गड्याने मार्च 2008 मध्ये फ्रँक शॅमरॉकला हरवून स्ट्राइकफोर्स या एमएमए स्पर्धेचे मिडलवेट विजेतेपद मिळवले. उडी घेऊन दोन्ही पायांची कात्री घालत प्रतिस्पर्ध्याला खाली आणण्याची त्याची लकब प्रेक्षकांच्या डोक्यात बसली. दिसायला ती देखणी खरीच. तरी त्याचे साधे पाय-झाडणे अधिक मोलाचे होते, कारण ते चुकले तरी तो स्वतः आडवा होत नसे.

पुढचा अध्याय चीनबाहेर, रशियातल्या दागिस्तानात लिहिला गेला. मुलांना आधीच कुस्तीचे बाळकडू मिळालेल्या त्या मुलखात वुशू-सांदा शिकवणारी निवासी शाळा निघाली आणि तिथून एमएमए लढवय्या झाबित मगोमेदशारिपोव घडला. लाथ, पायाची अडकवणी आणि जमिनीवरची पकड यांना त्याने एका ओघात गुंफले. त्याच मुलखातला मुस्लिम सालिखोव सांदाचा जगज्जेता होऊन यूएफसी या एमएमए स्पर्धेत आला. चिनी डावांचा सर्वांत सफाईदार वापर रशियन नागरिकांनी करावा, ही चिनी प्रशिक्षकांनी मनावर घ्यावी अशी गोष्ट आहे.

खुद्द चीनमध्ये चित्र वेगळे दिसते. किशोरवयात सांदा शिकलेल्या झांग वेईलीने 31 ऑगस्ट 2019 रोजी शेनझेनमध्ये जेसिका आंद्राजीला 42 सेकंदांत हरवले आणि ती यूएफसीची पहिली चिनी विजेती ठरली. पुढे जमिनीवरचा खेळ सुधारायचा ठरल्यावर मात्र ती ऑलिंपिक फ्रीस्टाइल विजेत्या हेन्री सेहुदोकडे गेली. निर्णय अगदी योग्य होता. श्वाय-ज्याओत जमिनीवरची लढत नाहीच, आणि जाळीला रेटून एकेरी पट काढण्याचे शास्त्रही नाही.

उणिवा इथेच थांबत नाहीत. धोबीपछाडीसारखे, पाठ वळवून मारायचे डाव जाकिटावर शोभतात. उघड्या अंगावर हात निसटला की पाठ प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात जाते आणि गळा आवळला जातो. मागे पाडण्याचे डाव जाळीशी अडतात, कारण जाळीच समोरच्याला उभे धरते. आधी त्याला मोकळ्यात ओढावे लागते. ज्युदोपुढेही याच अडचणी होत्या. ज्युदोतून आलेला कारो पारिसियन आणि 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकची कांस्यविजेती राँडा राउझी यांनी बाही-कॉलरऐवजी काख, मान आणि दंड धरून तेच डाव पिंजऱ्यात चालवून दाखवले. श्वाय-ज्याओच्या बहुतेक तालमींनी हा गृहपाठ अजून मनापासून केलेला नाही.

एक फरक मात्र स्पष्ट सांगायला हवा. 2017 मध्ये शू श्याओदोंग या एमएमए लढवय्याने एका ताइची गुरूला काही सेकंदांत लोळवले, तेव्हा साऱ्याच पारंपरिक चिनी विद्यांचे हसे झाले. श्वाय-ज्याओला त्या रांगेत बसवणे अन्यायाचे आहे. हा पैलवान रोज पूर्ण जोर लावणाऱ्या माणसाला पाडायला शिकतो. त्याचा तोल, पावलांची लय आणि आतून पाय अडकवण्याची नजर कमावलेली असते.

म्हणूनच एक डाव हातचा जातो आहे याची हळहळ वाटते. समोरच्याचा दंड ओढता ओढता दुसऱ्या हाताने त्याच्या गुडघ्याबाहेर आडकाठी घालायची आणि त्याला तिच्यावरून वळवायचे. दंडाऐवजी काखेतून पकड घेतली की जाकिटाशिवायही तो लागतो. दुहेरी पटासारखे डोके खाली घालावे लागत नाही, त्यामुळे गुडघ्याचा तडाखा बसण्याची भीती कमी. तरीही पिंजऱ्यात तो क्वचितच दिसतो. आणखी एक संधी अशीच वाया जाते. श्वाय-ज्याओत टाकल्यावरही समोरच्याची बाही पुष्कळदा हातातच असते. तिथे पंच लढत थांबवतो, पण एमएमएत त्याच क्षणी मनगट धरून गुडघा पोटावर रोवता येतो. आठवड्यातले काही सराव जाकीट उतरवून आणि पडल्यानंतरची झटापट चालू ठेवून घेतले, तर फेक आणि जमिनीवरची पकड यांची ही जोडणी बीजिंगच्या तालमीतच बसू शकते.