संगणकाची मराठी कोणाची?

संगणकावरील सॉफ्टवेअरचे मराठीकरण हा तंत्रज्ञांचा विषय आहे, असे समजून आपल्या साहित्यिक-सामाजिक चर्चेने तो बाजूला ठेवला आहे. माझ्या मते तो भाषिक सत्तेचा प्रश्न आहे, आणि म्हणून समीक्षेचाही आहे. लिबरऑफिस हे मुक्त व विनामूल्य सॉफ्टवेअर शंभराहून अधिक भाषांत मिळते. त्यांत मराठीही आहे. अर्ज, हिशेब, प्रबंध ज्या पडद्यावर लिहायचे, त्या पडद्याची मराठी कोणता माणूस डोळ्यांसमोर ठेवून घडविली जाते, हे तपासले पाहिजे.

आधी तिचा गुण सांगतो. पडद्यावरची मराठी प्रत्येकाला ‘करा’ म्हणते. ‘जतन करा’, ‘रद्द करा’. इंग्रजीत हा प्रश्न उद्भवत नाही. मराठीत मात्र अनुवादकाला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतून एक निवडावेच लागते. ज्या गावात सवर्णांचे शेंबडे पोरही आमच्या म्हाताऱ्यांना अरेतुरे करीत असे, त्या गावातून आलेल्या माणसाला ही निवड क्षुल्लक वाटणार नाही. यंत्र जात विचारीत नाही, सर्वांना एकच आदरार्थी रूप वापरते.

पण क्रियापदात मान देणारी ही भाषा इतर शब्दांपाशी आली की मज्जाव करते. मजकुराची कड सरळ लावायची तर ‘संरेखन’. छापायचे तर ‘मुद्रण’. केलेले मागे घ्यायचे तर ‘पूर्ववत करा’. माझे वडील गवंड्याच्या हाताखाली राबले. भिंतीची कड सरळ उतरली की नाही, हे ओळंबा लावून पाहिले जाई. ओळंबा परभणीतल्या निरक्षर मजुरालाही कळतो; ‘संरेखन’ माझ्या बी.ए.च्या विद्यार्थ्याला कळत नाही. तो इंग्रजी शब्दाची जागा पाठ करतो आणि मराठी पडदा बंद करून टाकतो. मग वर ऐकविले जाते की मराठीला मागणीच नाही!

सगळेच शब्द असे नाहीत. ‘जतन’ हा घराघरातला शब्द आहे. ‘पासवर्ड’साठी काही ठिकाणी घेतलेला ‘परवलीचा शब्द’ रात्रीच्या पहाऱ्यावरून आलेला आहे. म्हणजे जेथे अनुवादक माणसांच्या व्यवहाराकडे वळतो तेथे शब्द जगतो. जेथे तो केवळ संस्कृत धातूंकडे वळतो तेथे शब्द पडद्यावरच राहतो.

ही वळणे जुनीच आहेत. सतराव्या शतकातील ‘राज्यव्यवहारकोशा’ने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, लोकांनी ‘दप्तर’ आणि ‘मजकूर’ काही सोडले नाहीत. १९६० साली महाराष्ट्र झाल्यावर भाषा संचालनालय आले, पदनाम कोश आला, आणि त्यातील जड शब्दांमुळे लोकांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटले. परभणी तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, कारभार उर्दूचा. आमचे आजे कचेरीतला कागद दुसऱ्याकडून वाचून घेत. पुढे कागद मराठी झाला, तरी वाचून द्यायला दुसरा माणूस लागतच राहिला. कागदाची भाषा बदलली. कागद वाहणारा आणि कागद वाचणारा यांच्यातले अंतर बदलले नाही. आता कागदाच्या जागी पडदा आला आहे, एवढेच.

शुद्धलेखन तपासणीत हा प्रश्न अधिक उघडा पडतो. जो शब्द यंत्राच्या संग्रहात नाही, त्याच्याखाली लाल रेघ उमटते. एखादा विद्यार्थी आपल्या आईचे बोलणे जसेच्या तसे उतरवू लागला, ‘व्हता’, ‘तव्हा’, ‘कामून’ लिहू लागला, आणि हे शब्द संग्रहात नसले, तर त्याची आई ओळीगणिक चुकते! १९७२ साली ‘गोलपिठा’ आणि १९७८ साली ‘बलुतं’ आल्यावर प्रमाण भाषेचा प्रश्न निकालात निघाला, असे आपण मानत होतो. तो निकालात निघालेला नाही. तो यंत्रात जाऊन बसला आहे.

यावर आपल्यातलेच काही म्हणतील, मराठीचा हा खटाटोप कशाला? पोरांना सरळ इंग्रजी शिकवा. इंग्रजी शिकलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु बाबासाहेबांनी आपले मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले आणि १९२० साली ‘मूकनायक’ मराठीत काढला, हेही विसरता येत नाही. जिंतूर किंवा पालमच्या बचतगटाची हिशेब ठेवणारी बाई इंग्रजी शिकेपर्यंत तिचा हिशेब थांबत नाही. तो दुसऱ्याच्या हातात जातो.

हे काम करणाऱ्यांत पदरमोड करून राबणारे स्वयंसेवक आहेत. त्यांच्या कष्टाचे मोल मी कमी लेखत नाही. २००८ साली फ्युएल नावाचा उपक्रम सुरू झाला. रोजच्या वापरातील शब्दांची यादी घ्यायची आणि एकत्र बसून एकेका शब्दावर चर्चा करायची, ही त्याची रीत. रीत चांगली आहे. प्रश्न एवढाच, की त्या बैठकीत गवंडी, शिंपी, बचतगटाची बाई बसणार की नाही?

मुक्त सॉफ्टवेअरचा अनुवाद कोणाच्या तिजोरीत नसतो. एक इंग्रजी वाक्य, त्याखाली मराठीसाठी मोकळी जागा, असे त्याचे साधे रूप. ती जागा भरण्याचा, भरलेला शब्द बदलण्याची सूचना करण्याचा, शब्दसंग्रहात भर घालण्याचा अधिकार आपल्यालाही आहे. गंगाखेडच्या जनाबाईने जात्यावरचे जगणे अभंगात आणले, तेव्हा मराठी उणी झाली नाही. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी वर्षाला शंभर शब्द जरी घेतले, वस्तीत जाऊन विचारले, तपासले आणि पाठविले, तरी कामाला तोंड लागेल. ‘संरेखना’च्या जागी ओळंबाच बसेल असे नाही. पण तो शब्द ठरताना ओळंबा धरणारा माणूस तेथे हजर पाहिजे.