पदवीस्तरावरील आहारसंशोधन आणि प्रश्नावलीची भाषा

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासक्रम-आराखड्याने पदवीच्या विद्यार्थ्यास संशोधनाचे दार रीतसर उघडून दिले. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधनप्रकल्प हाती घेता येतो. पोषण व आहारशास्त्र या विषयात ही संधी विशेष मोलाची होय. कारण येथे संशोधनाची सामग्री प्रत्येक घराच्या चुलीपाशी उपलब्ध असते आणि तिच्यासाठी महागडी उपकरणे लागतातच असे नाही. तथापि संधी मिळणे आणि साधन निर्दोष असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या स्तरावर सर्वांत सुलभ असे साधन म्हणजे प्रश्नावली, आणि प्रश्नावली ही प्रथमतः एक भाषिक रचना आहे. तिच्या या अंगाची जेवढी चिकित्सा व्हावयास हवी तेवढी होत नाही.

गेल्या चोवीस तासांत काय काय सेवन केले याची आठवण विचारून नोंद करणे, ही आहारपाहणीची सर्वमान्य पद्धती आहे. नमुना इंग्रजीत छापलेला असतो. विद्यार्थिनी तो उभ्या उभ्या मराठीत विचारते, आणि मराठीत आलेले उत्तर पुन्हा इंग्रजी रकान्यात भरते. या दुहेरी भाषांतरात काय हरवते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. इंग्रजीत ‘राइस’ हा एकच शब्द कच्च्या दाण्यालाही चालतो व शिजलेल्या अन्नालाही. मराठीत दाणा तो तांदूळ, शिजला की भात. शेतात उभे असते तेव्हा पुन्हा भातच. तांदूळ शिजल्यावर त्याचे वजन सुमारे अडीच ते तीन पट होते. १०० ग्रॅम कच्च्या तांदळापासून सुमारे ३५० उष्मांक मिळतात. बाईने १५० ग्रॅम भात खाल्ला असता रकान्यात ‘राइस १५० ग्रॅम’ एवढीच नोंद झाली आणि हिशेब कच्च्या धान्याच्या कोष्टकावरून केला, तर उत्तर ५२५ येते. वास्तविक ते २०० च्या आसपास असावयास हवे. अर्धपोटी राहणारी व्यक्ती अशा रीतीने कागदावर तृप्त ठरते. मराठीने जो भेद आपण होऊन जपला आहे तोच पुसून टाकून पुढे सरासरी काढावी, यात शास्त्रीयता ती कोणती?

क्रियापदांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. मराठीत जेवणे, खाणे, फराळ करणे आणि चहा घेणे या चार वेगळ्या क्रिया आहेत. ‘काल काय जेवलात?’ या प्रश्नाच्या उत्तरात दुपारचे फुटाणे किंवा शेंगदाणे येणार नाहीत, कारण ते खाणे झाले. आणि ‘काय खाल्ले?’ असे विचारले तर साखर घातलेले चार कप चहा गळतील. एकादशीस साबुदाण्याची खिचडी घेऊनही ‘काल उपास होता’ असे उत्तर मिळेल, आणि त्यात असत्य काहीच नाही. सर्वांमागून जेवणारी गृहिणी ‘उरलंसुरलं खाल्लं’ म्हणते, तेव्हा ते परिमाणही असते आणि तिच्या घरातील स्थानाचे निवेदनही. छापील रकाना यांपैकी एकही गोष्ट ग्रहण करीत नाही.

नामांचीही हीच स्थिती. ‘भाजी’ म्हणजे मंडईतील पाला, आणि ताटातील बटाटाही. वरी व भगर हे एकच धान्य, नाचणी व नागली हेही एकच. केवळ प्रदेश बदलतो. टाकळा, कुर्डू, पाथरी, घोळ या पावसाळी भाज्या छापील यादीत नसल्या की ‘इतर’ या सदरात लोटल्या जातात. ज्या घरांत लोह व जीवनसत्त्वे मिळण्याचा तोच एक स्वस्त मार्ग असतो, त्या घरांचा आहार मग असावा त्याहून निकृष्ट दिसतो. म्हणजे एके ठिकाणी नोंद फुगते, दुसऱ्या ठिकाणी आटते. आणि या दोन चुका एकमेकींना फेडतील असे मानण्यास काहीही आधार नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, तुलनेसाठी समान परिभाषा अपरिहार्य आहे. आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर या शास्त्राच्या परंपरेतच मिळते. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून १९३७ साली ॲक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पत्रिका काढली. तोच उपक्रम पुढे १९७१ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतून गोपालन, राम शास्त्री व बालसुब्रमण्यन यांच्या ग्रंथाने, आणि २०१७ साली ५२८ अन्नपदार्थांच्या नव्या कोष्टकांनी पुढे नेला. १९७१ च्या ग्रंथकारांनी पदार्थांची भारतीय भाषांतील नावे देण्याचे कष्ट घेतले, ते देशी नावाखेरीज पदार्थाची ओळख पटत नाही हे जाणूनच. समानता शास्त्रीय नावाने व संकेतांकाने साधता येते. परंतु ती नोंदीनंतर साधावयाची असते, नोंद होत असताना नव्हे. आधी उत्तरदात्याचा शब्द जसाच्या तसा लिहावा, मग पदार्थाची अवस्था व माप लिहावे, आणि शेवटी कोष्टकातील संकेत द्यावा. हा क्रम उलटला की मूळ पुरावाच नष्ट होतो, आणि पुढे चूक शोधण्याचा मार्गही उरत नाही.

१९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा शिक्षण मातृभाषेतून असावे हे तत्त्व त्यांनी पायाभूत मानले. त्या तत्त्वाचा विचार आजवर अध्यापनाच्या संदर्भात झाला. संशोधनाच्या साधनांपर्यंत तो पोचावयास हवा. आपल्या गावची बोली जाणणारी विद्यार्थिनी या कामात तज्ज्ञांहून एक पाऊल पुढे असते. तिच्या हाती इंग्रजी नमुना देऊन तिचे हे ज्ञान बाद ठरविणे म्हणजे संशोधनाची संधी एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. आपल्या तालुक्यातील अन्नवाचक शब्द, वाटी-पळी-पसा-चिमूट ही मापे आणि त्यांची प्रत्यक्ष तोललेली वजने यांचा संग्रह करण्यास चौथ्या वर्षाची व ७५ टक्क्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिल्या वर्षापासून, भाषाविभाग व आहारशास्त्रविभाग यांच्या सहकार्याने, हे कार्य आरंभिता येईल. आणि पुढील प्रत्येक पाहणीची विश्वसनीयता याच संग्रहावर अवलंबून राहील.