शेन, क्रोबस आणि पंचवीस नाण्यांचा गळ

‘स्टारड्यू व्हॅली’ या व्हिडिओ गेममध्ये आजोबांनी मागं ठेवलेलं शेत कसायला आपण पेलिकन टाऊनमध्ये उतरतो. गाव तसं आपुलकीचं. शेन मात्र भेटताक्षणी सुनावतो, की मी तुला ओळखत नाही, माझ्याशी कशाला बोलतोस? दिवसा तो जोजा मार्टमध्ये फळ्यांवर माल लावतो, संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात कोपरा धरून उभा राहतो आणि रात्री मार्नी आत्याच्या घरी परततो. त्याच घरात जॅस नावाची लहान मुलगी आहे. तिचे आईवडील गेले आहेत आणि शेन हाच तिचा मोठा आधार. बास, एवढंच. 26 फेब्रुवारी 2016 रोजी गेम बाजारात आला तेव्हा लग्नासाठी गावात दहा जण होते. त्यांत शेन नव्हता.

खेळाडूंना मात्र तोच हवा होता. तुसडा, थकलेला, कोंबड्यांवर जीव असलेला हा माणूस त्यांच्या मनात घर करून बसला. शेनशी लग्न करता यावं, गावातल्या एमिलीशी करता यावं, अशी मागणी होऊ लागली. गेमचा कर्ता एरिक बॅरोन हा वॉशिंग्टन राज्यातला तरुण. कोड, चित्रं, संगीत, संवाद हे सगळं त्यानं एकट्यानं चार वर्षांहून अधिक काळ खपून केलेलं. पोटापाण्यासाठी सिॲटलच्या एका थिएटरात तो प्रेक्षकांना जागा दाखवायचा. इतक्या मेहनतीनं बांधलेल्या गावात कुणी ढवळाढवळ सुचवली तर मन दुखावणं साहजिक होतं. तरीही बॅरोननं ती मागणी मनावर घेतली, आणि ऑक्टोबर 2016च्या 1.1 या अपडेटमध्ये शेन आणि एमिली दोघंही लग्नाच्या यादीत आले.

यादीत नाव घालणं हे काम तसं सोपं. चार गोड वाक्यं लिहिली असती तरी मागणी पुरी झाली असती. बॅरोननं शेनला कथा दिली आणि ती गोड नाही. मैत्री वाढत जाते तसं त्याचं पिणं आपल्याला जवळून दिसू लागतं. खोलीत तो शुद्ध हरपून पडलेला असतो आणि जॅस ते बघते. मग तो पावसाळी दिवस. जंगलाच्या दक्षिणेला कड्याच्या टोकाशी शेन आडवा पडलाय, भोवती रिकामे डबे, आणि आपलं जगणं कशासाठी, असं तो पुटपुटतोय. आपल्यापुढं उत्तरादाखल काही वाक्यं येतात. कुठलंही निवडा, त्यानं शेन चुटकीसरशी बरा होत नाही. त्याला हार्वी डॉक्टरकडं न्यावं लागतं आणि डॉक्टर मोठ्या शहरातल्या समुपदेशकाचं नाव सुचवतो. पुढं शेन आपल्या दारी येऊन झाल्या प्रकाराची माफी मागतो आणि समुपदेशकाकडं जायचं ठरवलंय, असं सांगतो.

खेळाडूंनी मागितलं होतं प्रेम. लेखकानं ते दिलं, आणि प्रेमानं व्यसन सुटत नाही हेही त्यांच्यापासून लपवलं नाही. मला हा सगळ्या गेममधला सर्वांत प्रामाणिक प्रसंग वाटतो. त्यानंतर शेन आपल्याला त्यानं वाढवलेल्या निळ्या कोंबड्या दाखवतो. तिथून पुढं आपल्या खुराड्यातही एखादं पिल्लू निळं निघू शकतं. शेनच्या आयुष्यात काही बदललंय याची खूण आपल्या अंगणात दाणे टिपत फिरते, हे किती सुरेख आहे!

ऐकणं म्हणजे मान डोलावणं नव्हे, हे क्रोबसच्या बाबतीत जास्त स्पष्ट होतं. क्रोबस गटारात राहणारा सावलीचा जीव. संग्रहालयाला साठ वस्तू दिल्या की तिथला गंथर गटाराची किल्ली देतो, आणि आत हा भित्रा, सौम्य दुकानदार भेटतो. माणसांनी आपल्याला पाहू नये म्हणून तो उजेडात येत नाही. त्याच्याशीही लग्न लावून द्या, असं कितीतरी जणांना वाटत होतं. नोव्हेंबर 2019च्या 1.4 मध्ये बॅरोननं उत्तर दिलं ते असं, की क्रोबस तुमच्या घरी राहायला येईल, पण सोबती म्हणून. नवरा-बायको नव्हे, एका छपराखालचे दोन मित्र. शेतीच्या खेळांत घर म्हटलं की लग्न आणि मुलं हे ठरलेलंच. त्या चौकटीत अशा सहवासाला जागा मिळाली ती एका मागणीला दिलेल्या अर्ध्या नकारातून. लोक त्याच्या सोबतीसाठी आसुसले होते, आणि ती सोबत त्यांना मिळाली. क्रोबसचा स्वभाव मात्र कुणासाठी बदलला नाही.

मासेमारीची तक्रार तर पहिल्या दिवसांपासूनची. उडत्या माशामागं हिरवी पट्टी धरून ठेवताना नवख्यांच्या नाकी नऊ येतात. सगळ्यांसाठीच ती सोपी केली असती तर ज्यांना त्या झटापटीत मौज वाटते त्यांची मजा गेली असती. त्यावरचा एक तोडगा किनाऱ्यावरच्या विलीच्या दुकानात टांगलेला आहे, पंचवीस नाण्यांचा शिकाऊ गळ. त्याची पट्टी नवशिक्यालाही मोठी मिळते, पण त्याला फक्त साधे मासे लागतात. हात बसला की माणूस तो गळ आपणहून बाजूला ठेवतो. सेटिंगच्या पडद्यावर ‘सोपं’ असं बटण देता आलं असतं. इथं तेच काम गावच्या दुकानातली एक वस्तू करते, आणि शिकणाऱ्याला कमीपणा वाटत नाही.

मार्च 2024च्या 1.6 मध्ये मांजरा-कुत्र्यांच्या डोक्यावर टोप्या घालता येऊ लागल्या आणि अंड्यांचं मेयॉनेज चक्क पिता येऊ लागलं. अशा लाडिक गोष्टींवर मी फार रेंगाळणार नाही. त्याच अपडेटमध्ये मॉड बनवणाऱ्यांसाठी केलेलं काम जास्त मोलाचं. स्वतःच्या गावात इतरांनी भर घालावी म्हणून कर्त्यानंच वाट रुंद केली. यातल्या एकाही अपडेटचे पैसे त्यानं घेतलेले नाहीत. जिवंत असेपर्यंत घेणार नाही, अशी कुळाच्या नावाची शपथ त्यानं 2024 साली जाहीरपणे वाहिली आहे. डिसेंबर 2024 पर्यंत गेमच्या 4 कोटी 10 लाख प्रती विकल्या गेल्या होत्या. तेव्हा त्याला ते परवडतं, असं कुणी म्हणेल. परवडणारे पुष्कळ असतात, पण आठ-आठ वर्षांनी त्याच मुलखात परतून कोपरे झाडणारे मला फार दिसत नाहीत.

याची किंमत आहेच. ‘हॉन्टेड चॉकोलेटियर’ हा त्याचा पुढचा गेम 2021 साली जाहीर झाला. 1.6 साठी बॅरोननं तो बाजूला ठेवला. मला तो नवा गेमही खेळायचाय आणि त्याला इतका उशीर व्हावा याची हळहळ वाटते. तरीही शेनच्या कड्यावरचा तो पाऊस आठवला, की त्या माणसाला घाई करायला माझी जीभ रेटत नाही.